एकवीस किलोमीटरचा उत्तररंग

"टोपी कानावर वडा की वो बुवा," मगदूमबाई म्हणाल्या. "पाणी शिरलं तर ऐकायचंबी बंद हुईल. आवाज तर आधीच गेलाय."

बुवा हसले. त्यांच्या हसण्यालाही तेव्हा आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे. त्यांनी पिवळी रबरी टोपी दोन्ही हातांनी खाली ओढली आणि माझ्याकडे बघून, कशी दिसतेय, असं डोळ्यांनी विचारलं. मी दुसरीकडे पाहिलं.

काय सांगणार? अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाला मी धोतर, अंगरखा, उपरणं आणि लाल पगडीत पाहिलं होतं, तो माणूस अंगाला चिकटलेल्या काळ्या कपड्यांत, उघड्या पोटऱ्यांनी, दोन-अडीचशे लोकांत उभा होता. दंडावर पोरांनी काळ्या शाईनं आकडा लिहिला होता, दोनशे चौदा. नरहरबुवा जोगळेकर, वय सहासष्ट, कुरुंदवाडचे कीर्तनकार. आणि मी श्रीपती गुरव, त्यांचा पेटीवाला. हातात त्यांची पिशवी.

याला आता अकरा वर्षं झाली. जानेवारीतली सकाळ, कोल्हापूरजवळचा तलाव, पाण्यावर धुकं. साडेसहाला शर्यत सुटणार होती. आधी तलावात दोन किलोमीटरला थोडं कमी पोहायचं, तसंच ओलेत्यानं निघून नव्वद किलोमीटर सायकल मारायची, आणि ती ठेवली की तलावाभोवती सात-सात किलोमीटरच्या तीन फेऱ्या धावायच्या. सगळं दुपारी तीनच्या आत. तीन वाजता भोंगा होणार, त्यानंतर येणाऱ्याचं नाव निकालात लागत नाही.

"बुवा," मी शेवटचं विचारून पाहिलं, "अजून वेळ आहे. गुडघ्याचं काय सांगितलंय डॉक्टरांनी?"

"म्हणालेत, हे एक करा, पुन्हा नाही," बुवा कुजबुजले. त्यांचं बोलणं ऐकायला कान त्यांच्या ओठांशी न्यावा लागे. "म्हणून तर आजच."

"पण कशासाठी?"

"एकदा शेवटपर्यंत जायचंय रे."

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. एक पंच बाई नियम सांगत होत्या. तिशीच्या, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, छातीवर 'फडतरे' अशी पट्टी. मराठीत सांगून झालं की तेच इंग्रजीत. "स्पर्धकानं बाहेरच्या माणसाकडून काहीही घ्यायचं नाही. पाणी नाही, खाणं नाही, काही नाही. वाटेवर आमचे मांडव आहेत, तिथलंच घ्यायचं. नातेवाइकांनी कृपा करून लक्षात ठेवावं."

मी मान हलवली. लक्षात ठेवलं. बुवा, त्यांच्याबरोबर शर्यतीला उतरलेल्या मगदूमबाई आणि मी, तिघांत मीच जास्त लक्षपूर्वक ऐकलं असेन.

बुवा पाण्याच्या काठाशी गेले. बाकीचे हात झटकत होते, उड्या मारत होते, एकमेकांना टाळ्या देत होते. बुवांनी पाण्याकडे तोंड करून हात जोडले, क्षणभर डोळे मिटले, आणि आधी उजवा पाय पुढे टाकला. हे मी हजारदा पाहिलं होतं. पण कुठे पाहिलं होतं, ते त्या गडबडीत डोक्यात आलं नाही.

*

कुठून सुरू झालं हे सगळं, ते सांगायला त्या सकाळच्याही चार वर्षं मागं जावं लागेल.

आमच्या घाटावरच्या देवळात उत्सवाचं कीर्तन होतं. पूर्वरंग रंगला. अभंगाचं निरूपण झालं, मध्यंतर झालं, बुवांना बुक्का लागला, गळ्यात हार पडला. मी नेहमीसारखी खडीसाखर आणि लवंग त्यांच्या तोंडात घातली. ही माझी जुनी सवय. पेटी सोडून मी उठायचो, बुवा मान किंचित खाली करायचे, तोंड उघडायचे. मग नामाचा गजर आणि उत्तररंग, म्हणजे आख्यान.

त्या दिवशीचं आख्यान नवं होतं, बुवांनी स्वतः रचलेलं. मलाही त्यांनी फक्त चाली सांगितल्या होत्या, गोष्ट नाही. म्हणाले होते, तूही ऐक, लोकांबरोबर.

गोष्ट एका म्हाताऱ्या नावाड्याची. जन्मभर त्यानं लोकांना नदीपलीकडच्या देवळात नेऊन सोडलं, पण नाव सोडून स्वतः कधी पायरी चढला नाही. वर्षातून एकच दिवस तिथं गाभाऱ्याचं दार उघडतं, मावळतीला मिटतं, आणि त्याच दिवशी त्याच्या नावेला गर्दी. शेवटी हात थकले, तेव्हा त्यानं ठरवलं, आज कुणाला घेणार नाही, आज माझा मी जाणार. नाव सोडणार, तेवढ्यात काठावरून एका लंगड्या म्हाताऱ्यानं हाक मारली, मलाही ने की बाबा. नावाड्यानं नको म्हणता म्हणता त्याला घेतलं. ओझं वाढलं, वारा फिरला, ऊन कलायला लागलं. आणि भर नदीत वल्हं मोडलं.

"वल्हं मोडलं," बुवा वरच्या पट्टीत गेले, "आणि नावाडी…"

आणि आवाज फाटला. पेटीचा भाता फाटला की जशी नुसती हवा येते, तसं काहीतरी त्यांच्या गळ्यातून आलं. त्यांनी पुन्हा सूर लावला. पुन्हा हवा. मी मोठ्यानं स्वर दिला, तबलजीनं ठेका तसाच धरून ठेवला. समोर चारशे माणसं बसलेली. बुवा तसेच उभे. मग त्यांनी हात जोडले आणि गादीवरून खाली उतरले. आरतीचं ताट वाती घालून तयार होतं, ते तसंच राहिलं. लोक उठून गेले.

पुढे मिरजेला शस्त्रक्रिया झाली. स्वरयंत्रावर गाठ होती, ती निघाली, आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली ती ही कुजबुज. बुवांनी पगडी ट्रंकेत ठेवली, चिपळ्या माझ्याकडे दिल्या. कुणी सत्काराला बोलावलं तर जायचे, पण हार घालू द्यायचे नाहीत. हातानं अडवायचे.

मी एकदा विचारलं होतं, "बुवा, त्या नावाड्याचं पुढे काय झालं?"

"गादीवर उभं राहून सांगायचं ते ओट्यावर बसून सांगत नाहीत, श्रीपती."

विषय संपला.

मग ते रोज पहाटे घाटावर पोहायला जाऊ लागले. पोहणं लहानपणापासूनचं, त्याचं कुणाला नवल नव्हतं. तिथंच त्यांना मगदूमबाई भेटल्या. बाई शिरोळच्या, मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर अशा दोन शर्यती मारून आलेल्या. बासष्टाव्या वर्षी नदी उलटी पोहणारी बाई! त्यांनी बुवांना पोहताना पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या म्हाताऱ्याचा दम बघा. तीन-तीन तास उभ्यानं गायलेली छाती हाय. वाया घालवायची व्हय?"

झालं. जुनी सायकल आली. पहाटे पोहणं, मग नृसिंहवाडीच्या रस्त्यानं सायकल, संध्याकाळी धावणं. कुजबुजत का होईना, बुवा पुन्हा चेष्टा करू लागले. बुवांच्या पत्नी, आमच्या वहिनी, खूश. मी मात्र फुगून बसलो होतो. माझी पेटी चार वर्षं बासनात होती आणि हा माणूस सायकलच्या साखळीला तेल घालत होता.

"बुवा, देवाचं सोडून हे काय आरंभलंय?" मी एकदा तोडून बोललो.

"सोडलंय असं कुणी सांगितलं तुला?" ते म्हणाले आणि चाकात हवा भरू लागले.

मला ती पळवाट वाटली.

*

सात वाजून चोवीस मिनिटांनी बुवा पाण्यातून बाहेर आले. त्यांच्या मागं अजून चाळीस-पन्नास जण पाण्यात होते, त्यांतले बरेच तिशी-पस्तिशीचे. सायकल घेऊन निघताना त्यांनी मला हात केला. मग साडेचार तास मी नुसता बसून होतो. पिशवीत झांज होती, चिपळ्या होत्या, बुक्क्याची डबी होती, खडीसाखरेची पुडी होती, आणि केळीच्या पानात गुंडाळलेला झेंडूचा हार होता. हार मी शेवटासाठी आणला होता. म्हटलं, सत्काराला नाही म्हणतात, पण इथं दमलेले असतील, हात वर होणार नाही, तेवढ्यात घालून टाकू.

मगदूमबाई सायकल संपवून साडेअकराला आल्या आणि धावायला लागल्या. बारा वाजून सात मिनिटांनी बुवा आले. तोंड उन्हानं तांबडं झालेलं, ओठांवर मीठ. सायकल अडकवली, बूट बदलले, मिनिटभर वाकून गुडघा चोळला, आणि मी दोरीच्या अलीकडे उभा होतो तिथूनच धावायच्या वाटेला लागले.

आता जे झालं ते नीट सांगतो, कारण त्यात लबाडी नव्हती. दोन मोठे भाग झाले होते. तिसरा सुरू व्हायचा होता. बुवा घामानं निथळत समोरून येत होते, श्वास खाली-वर होत होता, डोळे अर्धे मिटलेले. मध्यंतराला ते असेच दिसायचे. माझा हात आपोआप डबीत गेला. कपाळाला बुक्का लावला. गळ्यात हार घातला. खडीसाखरेचा खडा पुढे केला. आणि बुवांनी मान किंचित खाली केली, तोंड उघडलं.

खडा तोंडात गेला. बुवा पुढे निघाले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हार अडवला नव्हता त्यांनी. चार वर्षांनी पहिल्यांदा.

चाळीसेक पावलांवर ते थांबले. गळ्यातल्या हाराकडे पाहिलं. मग चालत परत आले. त्यांनी हार काढला, तोंडातला खडा काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ मिटली. तेव्हा कुठे मला सकाळी ऐकलेला नियम आठवला.

"पंच कुठायत?" बुवा कुजबुजले.

"बुवा, कुणी पाहिलं नाही. जा तुम्ही. पळा!"

ते फडतरेबाईंपुढे जाऊन उभे राहिले आणि बोलू लागले. शेजारी लाउडस्पीकरवर गाणी धडधडत होती. बाईंना ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं.

"काय होतंय आजोबा? चक्कर येतेय का? डॉक्टरांना बोलावू?"

बुवांनी मान हलवली. मागं वळून मला खुणेनं बोलावलं, आणि मी गेलो तसा माझा दंड धरून कानाशी आले. "सांग. जसं झालं तसं."

"बुवा, त्यांनी बघितलंच नाही तर…"

"तू बघितलंस. मी बघितलं." त्यांचा श्वास माझ्या कानावर गरम लागत होता. "आत्ता माझा आवाज तू आहेस. खोटा लावू नकोस."

मी सांगितलं. बुक्का, हार, खडीसाखर. चूक माझी, त्यांची नाही, असंही सांगितलं. बुवांनी माझा दंड दाबला आणि पुन्हा कानाशी आले. मला तेही सांगावं लागलं. "ते म्हणतात, तोंड मी उघडलं."

फडतरेबाईंनी वही उघडली. लिहायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं. "सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं," त्या म्हणाल्या. "पण आता मला कळलंय. पाच मिनिटं. त्या चौकोनात उभं राहायचं."

रस्त्याच्या कडेला पांढऱ्या फक्कीनं एक चौकोन आखला होता. बुवा त्यात जाऊन उभे राहिले. मगदूमबाईंनी बुवांच्या वेगाचा हिशेब मांडून ठेवला होता: सगळं नीट झालं तर तीनला दोन-चार मिनिटं कमी असताना पोचतील. त्या दोन-चार मिनिटांतली पाच मिनिटं मी घेतली होती.

एका स्वयंसेवकानं सावलीतली खुर्ची उचलून आणली. "बसा काका, बसलं तरी चालतं."

बुवा काहीतरी पुटपुटले. मी दोरीवरून वाकून ऐकलं. "आरतीआधी बसत नाहीत."

मला वाटलं, ऊन लागलंय. मी त्या माणसाला एवढंच म्हटलं, "उभेच राहतो म्हणतात."

पाच मिनिटं. बुवांचे डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर काहीतरी वाजवत होती. त्याच वेळी मगदूमबाई पहिली फेरी संपवून तिथून गेल्या. चौकोनातले बुवा पाहून त्यांचा वेग मोडला.

"आवो गुरव! काय झालं वो?"

"हात गेला बाई. हार घातला."

"हात गेला? मग बांधून ठिवायचा हुता की वो त्यो हात!" असं ओरडून बाई पुढे गेल्या, आणि वळणावर पुन्हा मागं वळून दोन्ही हात जोडून दाखवले. मला की बुवांना, ते कळलं नाही.

शिट्टी झाली. बुवा निघाले.

*

पहिली फेरी त्यांनी सव्वाला संपवली. समोरून जाताना त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट केलं आणि दोन तळवे एकमेकांवर आपटल्यासारखे केले. झांज.

मी फडतरेबाईंकडे धावलो. आता मला प्रत्येक गोष्ट विचारून करायची होती. "बाई, झांज वाजवली तर चालेल का?"

"म्हणजे?"

मी वाजवून दाखवली.

"घ्यायला बंदी आहे काका," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. "वाजवायला नाही."

मग मी तलावाच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. तिथून धावायची वाट बरीच लांबपर्यंत दिसायची. बुवा दुसऱ्या फेरीत वळणावर दिसले तसा मी ठेका धरला. अगदी साधा, गजराचा. आणि मी शपथेवर सांगतो, त्या माणसाची पावलं ठेक्यावर पडायला लागली. उजवं, डावं, उजवं, डावं. जवळ आले तेव्हा त्यांनी बोटानं खूण केली, तीच खूण, जी गादीवरून ते मला पाठमोरे असताना करायचे. लय वाढव. मी वाढवली. पावलं वाढली. सहासष्ट वर्षांचा म्हातारा, झिजलेल्या गुडघ्यांचा, भर उन्हात डांबरी रस्त्यावर, आणि चेहऱ्यावर ते तेज! माझे हात दुखायला लागले, पण थांबायची शरम वाटली. चार वर्षं मी या माणसावर रुसलो होतो. कशाबद्दल, तेच त्या क्षणी आठवेना.

दोन वाजून सात मिनिटांनी तिसरी फेरी सुरू झाली. मगदूमबाई वीस मिनिटांपूर्वीच शर्यत संपवून, गळ्यात पदक घालून बांधावर येऊन बसल्या होत्या.

"त्रेपन्न मिनिटं हाईत," त्या घड्याळ बघत म्हणाल्या. "ह्याच चालीनं आलं तर बसतंय. पण पाय बघा त्यांचा."

डावा पाय ओढला जात होता.

अडीचला ते लांबच्या वळणावर दिसले तेव्हा धावत नव्हते. वाकून पोटरी धरली होती. मी ठेका धरला. ते सरळ झाले, दहा पावलं धावले, पुन्हा वाकले. मला जाऊन त्यांचा दंड धरावा, पोटरी चोळावी, पाठीवर घ्यावं असं वाटत होतं, आणि काहीच करता येत नव्हतं. मी वाजवत राहिलो. ते चालले, धावले, चालले. बाई पुटपुटत होत्या, "टाच टेकवा, बुवा, टाच."

तीनला दोन मिनिटं असताना बुवा शेवटच्या सरळ रस्त्याला लागले. अंतर अजून बरंच होतं.

भोंगा झाला. लांबलचक, कानठळ्या बसवणारा. लाउडस्पीकरवर कुणीतरी म्हणालं, वेळ संपलेली आहे, सर्व स्पर्धकांचे आभार. गाणी बंद झाली. कमानीवरच्या घड्याळाचे लाल आकडे विझले. पोरं रस्त्यावरच्या दोऱ्या सोडायला लागली.

मला वाटलं, थांबतील आता. मगदूमबाईंनीही डोळ्यांना टॉवेल लावला होता. पण बुवा थांबले नाहीत. भोंगा जणू शेजारच्या गावात झाला होता. गाणी बंद झाल्यामुळे आता त्यांची पावलंच ऐकू येत होती, एक घट्ट, एक ओढलेलं. मी झांज उचलली आणि अगदी हळू, त्या पावलांच्याच लयीत वाजवू लागलो. आता मी त्यांना लय देत नव्हतो. त्यांची घेत होतो.

तीन वाजून दोन मिनिटांनी त्यांनी कमान ओलांडली.

दोघं-तिघं धरायला धावले. बुवांनी हातानं अडवलं. खुर्ची आली, ती अडवली. ते उभेच राहिले, तलावाकडे तोंड वळवलं आणि हात जोडले. मग मला बोलावलं.

मी रडत होतो. "बुवा, माझ्यामुळे… पाच मिनिटं… तुम्ही तीनच्या आत…"

त्यांनी माझं ऐकलंच नाही. कान धरून मला जवळ ओढलं, खरोखर कान धरून, आणि म्हणाले, "वल्हं मोडलं, आणि नावाडी पाण्यात उतरला. सांग."

"काय?"

"सांग लोकांना. मोठ्यानं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. पाण्यापुढे जोडलेले हात. आधी उजवा पाय, गादीवर चढताना टाकायचे तसा. नाकारलेली खुर्ची. हा माणूस चार वर्षांपूर्वी गादीवरून खाली उतरलाच नव्हता.

अठ्ठावीस वर्षांत मी गादीजवळ बसून एक शब्द कधी बोललो नव्हतो. माझं काम पेटीचं. समोर गवतावर तीसेक माणसं बसली होती, पदकं घातलेली, केळी खाणारी, पाय चोळणारी. स्वयंसेवक दोऱ्या गुंडाळत होते. मी घसा साफ केला.

"वल्हं मोडलं," मी म्हणालो, "आणि नावाडी पाण्यात उतरला."

माना वळल्या. बुवा कानात एक वाक्य सांगायचे, मी ते मोठ्यानं म्हणायचो. दोन-तीन वाक्यांनंतर माझ्या आवाजाचा कंप गेला. नावाड्यानं नावेची दोरी दातांत धरली. म्हातारा, थकलेला, पण पाणी त्याचं ओळखीचं. तो पोहत निघाला, मागं नाव, नावेत तो लंगडा. सूर्य खाली, पैलतीर लांब. किती वेळ पोहला, त्यालाच ठाऊक. तीराला लागला, धावत पायऱ्या चढला, जन्मात पहिल्यांदा.

बुवा थांबले, श्वास घेतला. गवतावरचा एक माणूस म्हणाला, "मग?"

"दार बंद झालं होतं," मी म्हणालो. बुवांनी माझी पाठ थोपटली आणि पुढचं सांगितलं. "नावाड्यानं बंद दारावर डोकं टेकलं. म्हणाला, देवा, थोडा उशीर झाला रे. एकट्यानं आलो असतो तर पोचलो असतो. तेवढ्यात खालून, नावेतून हाक आली. लंगडा ओरडत होता. अरे, पुढे कुठे पळालास? मला उतरवून तरी घे! नावाड्यानं मागं वळून पाहिलं. आणि तो तसाच पायरीवर बसला."

बुवा हसत होते. खांदे हलत होते. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्या कानात दोनदा सांगितलं, मी चुकू नये म्हणून.

"दार बंद असणारच की," मी म्हणालो. "घरधनी नावेत बसलेला."

मगदूमबाईंनी "अगं आई," एवढंच म्हटलं. गवतावर बसलेले सगळे एकेक करून उठून उभे राहिले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून चिपळ्या काढून त्यांच्या हातात दिल्या, झांज मगदूमबाईंना दिली. ताट नव्हतं, वात नव्हती. मी आरती सुरू केली. ज्यांना येत होती त्यांनी म्हटली, ज्यांना येत नव्हती त्यांनी टाळ्यांनी साथ दिली. बाईंची झांज लयीत नव्हती. बुवा चिपळ्या वाजवत होते, ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आरती संपली तेव्हा ते बसले. तिथंच, रस्त्यावर, पाय पसरून.

फडतरेबाई आल्या. प्रत्येकाच्या घोट्याला वेळ मोजणारी पट्टी बांधलेली होती, ती परत घ्यायची होती. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि पट्टी सोडू लागल्या. कीर्तन झालं की लोक पायाशी येतात, बुवांना तेवढंच ठाऊक. त्यांनी बाईंच्या टोपीवर हात ठेवला. पट्टी निघाली होती, तरी बाई थोडा वेळ तशाच वाकून राहिल्या.

"निकालात नाव येणार नाही, आजोबा," त्या हळूच म्हणाल्या. "मला लिहिता येणार नाही."

बुवांनी मान डोलवली. मग मला खूण केली. मी कान त्यांच्या ओठांशी नेला.

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

"विचारतायत," मी म्हणालो, "आता चालेल का?"

मी मूठ उघडली. तो खडा मी दुपारभर सांभाळला होता. झांज वाजवतानाही अंगठ्याखाली धरला होता. अर्धा विरघळला होता, बुक्क्यानं काळा झाला होता.

फडतरेबाईंनी खड्याकडे पाहिलं, बुवांकडे पाहिलं, आणि हातातली वही मिटली.

"चालेल," त्या म्हणाल्या.

बुवांनी मान किंचित खाली केली आणि तोंड उघडलं.